दमणीत माल भरू नये

मी, शिवगंगाबाई भ्र. मयत मल्लिकार्जुन शेटगार, जात लिंगायत, वय अजमासे बावन्न, धंदा गाडी हाकणे, राहणार तामलवाडी, तालुका तुळजापूर, जिल्हा उस्मानाबाद, माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंचे काय करावे हे या पत्रात लिहून ठेवते. माझी शुद्ध जागेवर आहे, स्मरण जागेवर आहे, मला कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून वळवलेले नाही.

हे वाक्य सगळेच लिहितात आणि पुढच्या ओळीला लागतात. मला तसे लागता येत नाही. माझी शुद्ध जागेवर नाही असा अर्ज माझे धाकटे दीर वीरप्पा शेटगार यांनी मागल्या साली अदालतीत दिला होता. अदालतीने तो खारीज केला. निकालाची नक्कल या पत्राला टाचली आहे. तेव्हा या जिल्ह्यात ज्यांच्या शहाणपणावर सरकारी शिक्का आहे अशा थोड्या माणसांत मी आहे. वीरप्पाच्या शहाणपणावर तसा शिक्का नाही, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

वीरप्पाला मी तीस वर्षे 'भावजी' म्हटले. या पत्रात तो मान मी काढून घेत आहे.

हे पत्र आधी वकिलाच्या कारकुनाने लिहिले होते. दोन पाने झाली. वाचून पाहिले तर त्याने 'धंदा' या शब्दापुढे 'घरकाम' लिहिलेले. मी विचारले, तर म्हणाला, "बाईमाणसाचा धंदा दस्तात कशाला?" बाकीही पुष्कळ गाळले होते. "राग दस्तात लिहीत नाहीत," म्हणाला. ती दोन पाने मी त्याच्यासमोर फाडली. मला लिहिता येते. माझे वडील शिवप्पा यांचे नळदुर्गात किराणा दुकान होते, त्यांना मुलगा नव्हता, म्हणून पुड्या बांधता बांधता त्यांनी मला अक्षर शिकवले. पोटात गाठ आहे असे सोलापूरच्या दवाखान्यात सांगितले आहे. पण मरण जवळ आले म्हणून मी हे लिहीत नाही. वीरप्पा शेजारी राहतो म्हणून लिहिते.

कलम पहिले. जमीन.

माझ्या पतीच्या वाटणीची साडेसात एकर जमीन आणि विहिरीतला निम्मा हक्क मला हयातीपुरता आहे. माझ्या मागे तो वीरप्पाकडे जाईल. कायदा तसा आहे, त्यावर माझा इलाज नाही. घेऊ दे.

त्या जमिनीच्या वाटेवर माझ्या पतीने मला गाडी हाकायला शिकवली, ते मात्र जमिनीबरोबर जात नाही. त्यांना आडत दुकानात बसणे आवडत नसे. सासरे असेपर्यंत बसले, सासरे गेल्यावर वाटणी मागून मोकळे झाले. शेतावर जाताना गाव मागे पडले की ते कासरे माझ्या हातात देत. पहिल्या दिवशी मी इतके घट्ट धरले की बैल थांबलेच. ते म्हणाले, "हात सैल सोड. त्यांना रस्ता ठावं हाय, तुला न्हाय." मग आडवे होऊन टोपी तोंडावर घेतली आणि खरेच झोपले. माझ्यावर एवढा भरवसा आधी कोणी टाकला नव्हता. १३३८ फसलीत तीन दिवसांच्या तापाने ते गेले. आम्हांला मूल नव्हते.

कलम दुसरे. आईचे लुगडे.

माझ्या पेटीत तळाला एक हिरवे इरकली लुगडे आहे. ते माझ्याबरोबर गाडी हाकणाऱ्या, तांड्यावरच्या प्रेमाबाईला द्यावे. तिने ते नेसावे, पेटीत ठेवू नये.

ते लुगडे माझ्याकडे कसे आले ते लिहिते, कारण पुढचे सगळे तिथून सुरू होते. मी एकोणीस वर्षांची होते. खळी चालू होती. नळदुर्गाहून एका व्यापाऱ्याकडून निरोप आला की अव्वा, माझी आई, आजारी आहे, माझे नाव घेते, पाठवून द्या. वडील तिच्या उशाशी, मला न्यायला येणारे दुसरे कोणी नाही. सासरे म्हणाले, "हंगाम सरू दे, मग धाडू." आमच्या अंगणात तेव्हा तीन गाड्या होत्या. मी रोज त्या गाड्यांशेजारून पाणी भरत होते. पती बापापुढे बोलत नसत, त्या वयात कोणीच बोलत नसे. बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी सासऱ्यांना नळदुर्गाच्या एका दुकानात हरभऱ्याच्या डाळीची पोती पोचवायची होती, म्हणून गाडी निघाली. पोत्यांवर मला बसवले. पोती जायची होती म्हणून मला जागा मिळाली.

मी पोचले तेव्हा अव्वाला समाधी देऊन चार दिवस झाले होते. वडिलांनी ते लुगडे माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "लई वाट पाहिली तिनं." गाडीवान बाहेरून हाका मारत होता की पोती उतरली, उजेड आहे तोवर परत निघायचे आहे.

सासऱ्यांना जाऊन पुष्कळ वर्षे झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये म्हणतात. मी लिहिते. ते वाईट वागले.

कलम तिसरे. सडकेकडची जागा आणि माळवद.

सोलापूर सडकेच्या कडेची पाच गुंठे जागा, तीवरचे दोन खणांचे माळवदाचे घर, गोठा आणि पाण्याचा हौद ही माझी स्वतःची कमाई आहे. पाटल्या आणि गोठ मोडून ही जागा मी घेतली. तो माझा माहेरचा ऐवज होता. त्यात शेटगारांचा गुंजभर वाटा नाही.

पती गेल्यावर दोन वर्षे मी घरात बसून होते. १३४० साली गावातल्या उत्तरेश्वर यांची सून धुरपदाबाई विहिरीवर घागर तशीच ठेवून उभी असलेली मला दिसली. तिचे माहेर काटीचे. बापाला पक्षघात झाल्याचा निरोप आला होता आणि घरचे पुरुष म्हणत होते की मोट चालू आहे, माणूस मोकळा नाही.

मी म्हणाले, "चल."

"कुणासंगं?"

"माझ्यासंगं."

"अन् गाडीवान?"

"मी हाय की."

तिने माझ्याकडे पाहिले. मी विधवा, व्यापाऱ्याच्या घरची, डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही अशी. मी घरी जाऊन बैल जुंपले. वेशीतून जाताना उत्तरेश्वर पारावर बसले होते. ते उठून उभे राहिले, पण त्यांना काय बोलावे सुचले नाही, आणि सुचेपर्यंत आम्ही पुढे गेलो होतो. नंतर मात्र त्यांना खूप सुचले. मी कुळाची लाज सडकेवर मांडली, असे ते गावभर बोलले. पुढे त्यांच्याच तीन लेकी माझ्या गाडीतून माहेरी आल्या, तेव्हा त्यांनी माझ्या बैलांना स्वतः पाणी दाखवले. पण आधीचे बोलणे त्यांनी कधी मागे घेतले नाही, म्हणून मीही विसरले नाही.

काटीला धुरपदाबाईचा बाप जिवंत होता. वाचा गेली होती. लेकीला पाहून त्याने चालत्या हाताने तिचा पदर धरला तो सोडेना. मी दारात कासरा धरून उभी होते. परत येताना धुरपदाबाई माझ्या शेजारी पुढेच बसली आणि बापाच्या गोष्टी सांगत राहिली, त्याने तिला जत्रेत कसे हरवले आणि तोच कसा रडत बसला वगैरे. आम्ही दोघी हसत गावात शिरलो. एकीचा बाप मरायला टेकलेला, दुसरीचा नवरा मेलेला, आणि ह्या हसतात, म्हणून लोकांनी दारे उघडून पाहिले.

त्या दिवशी मला माझे काम सापडले. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी.

गावच्या बंडप्पा सुताराने मला दमणी बांधून दिली. वर टप, मागेपुढे पडदा, आत चार बाया बसतील एवढी जागा. लोक तिला माहेरगाडी म्हणू लागले. भाडे मी एकच ठेवले होते. चार आणे निजामी हाली, नाहीतर दोन शेर जोंधळे, नाहीतर घरात जे असेल ते, आणि काही नसले तर बसायला मनाई नाही. सासरचे पाठवीत नसतील तर मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसत असे. भांडत नसे. नुसती बसत असे आणि पाणी मागत असे. दुसऱ्या तांब्यापर्यंत बहुतेक घरे ऐकत. ईट, सोनारी असल्या लांबच्या गावांना तीन तीन मुक्काम पडत. काटी-सावरगाव तर रोजचे. पोटाला मिळे, बैलांच्या कडब्याला मिळे, त्यापलीकडे फारसे उरत नसे, आणि पहाटे चाकांना वंगण घालताना मला कधी कंटाळा आला नाही.

ही जागा व माळवद माझ्या मागे धुरपदाबाई व प्रेमाबाई यांनी मिळून वापरावे. विकू नये. लांबून येणाऱ्या बाईला तिथे रात्रीपुरता आसरा असावा.

कलम चौथे. बार्शीकडचा पैसा.

गोठ्याच्या भिंतीतल्या देवळीत एक पितळी डबा आहे. त्यात दोनशे साठ रुपये इंग्रजी कलदार आहेत. ते सोनारीच्या महारुद्र यांची नात, मयत लक्ष्मीबाईची मुलगी, हिला द्यावेत. ती आता दहा वर्षांची आहे. तिच्या लग्नासाठी म्हणून देऊ नयेत. तिला जे करावेसे वाटेल त्यासाठी द्यावेत, आणि ते काय ते तिला विचारावे.

या कलमात माझा राग माझ्यावर आहे.

१३४६ साली बार्शीचा एक कापूस व्यापारी माझ्याकडे आला. गाडी चांगली ठेवता, बैल चांगले ठेवता, वेळेवर पोचता, असे म्हणाला. हंगामभर कापूस वाहा, म्हणाला. भाव ऐकून मी लगेच हो म्हणाले. मी दोन उघड्या गाड्या घेतल्या, माणसे ठेवली, दमणीचा टप काढून तिच्यातही गाठोडी भरली. चार महिन्यांत मी सहा वर्षांत पाहिले नाहीत एवढे पैसे पाहिले. लोक अदबीने बोलू लागले. वीरप्पाने त्याच साली मला पहिल्यांदा दुकानात बसायला सतरंजी दिली.

लक्ष्मीबाई सावरगावला दिलेली, माहेर सोनारी. मी तिला दोनदा नेले होते. फार बडबडी. तिचा निरोप आला की आठवा सरला आहे, सासू जाच करते, अक्कांना म्हणावे न्यायला या. मी निरोप्याला म्हणाले, "हंगाम सरू दे, मग येते."

तेव्हा मला ते शब्द ऐकू आले नाहीत. मी पोती मोजत होते.

लक्ष्मीबाई गाठोडे घेऊन पायीच निघाली. ओढ्याच्या पलीकडे रस्त्यातच बाळंत झाली. मेंढपाळांच्या बाया धावल्या म्हणून पोर वाचली. लक्ष्मीबाई वाचली नाही. महिन्याभराने तिचे वडील महारुद्र नात न्यायला आले ते माझ्या दारावरून गेले. मी समोर गेले. मला वाटले शिव्या देतील, मी त्यासाठीच गेले होते. ते म्हणाले, "तुमी आल्या आसत्या तर बरं झालं आसतं." एवढेच म्हणाले आणि पोरीला ऊन लागू नये म्हणून उपरणे धरून चालू लागले.

मी उघड्या गाड्या त्याच आठवड्यात विकल्या. टप परत चढवला. कापसाचे पैसे डब्यात घातले ते अजून तसेच आहेत. मला कोणी असे सांगू नये की पैसाही मिळवता येतो आणि मनासारखे कामही करता येते. येत असेल. मला आले नाही. गाडी एक असते आणि तिच्यात एका वेळी एकच भरता येते.

कलम पाचवे. वीरप्पा.

वीरप्पाला मी काही देत नाही. का देत नाही ते पुढीलप्रमाणे.

१३५४ साली लेव्हीच्या सरकारी धान्यवसुलीने गावातल्या कणग्या खरवडून नेल्या होत्या. लोक कण्या शिजवून खात होते. निजाम सरहद्दीच्या नाक्यापलीकडे, इंग्रजी मुलखातल्या सोलापुरात जोंधळ्याला दुप्पट भाव होता. वीरप्पाच्या बळदात जोंधळे होते. तो एके दुपारी माझ्या माळवदावर आला आणि कडब्याच्या गंजीवर बसून बोलू लागला.

"वैनी, धंदा करायचा तर नीट करा. तुमच्या दमणीला पडदा हाय. नाक्यावर बायांचा पडदा कुणी उचलत न्हाय. वर चार बाया बसू द्या, खाली सा पोती. निम्मा नफा तुमचा."

मी विचारले, "अन् बायांना कुठं जायचंय?"

"कुठं का जाईनात. सोलापूरला न्या."

"त्यांचं माहेर सोलापूरला न्हाय."

"माहेर माहेर काय लावलंय," तो म्हणाला. "दोन वर्सांत माडी बांधाल."

"माडीवर बसून काय करू?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "बसायचं," म्हणाला. "लोकं माडी कशाला बांधत्यात?"

मी नाही म्हणाले. तो पुन्हा आला, पुन्हा नाही म्हणाले. मग त्याने गावात सांगितले की माझ्याकडे बाया पाठवू नका. मला कडबा मिळेना. मी प्रेमाबाईच्या तांड्यावरून आणला. त्यानंतर त्याने अर्ज दिला.

अर्जात तीन कारणे होती. एक, हजारो रुपयांचा फायदा समोर आला असता दोनदा नाकारला. दोन, बैलांशी बोलते आणि एकटीच हसते. तीन, घराण्याची अब्रू राखण्याची समज उरलेली नाही. म्हणून माझ्या मिळकतीवर त्याला पालक, वली नेमावे. म्हणजे दमणी त्याची, पडदा त्याचा, आणि मी आत चार बायांतली एक.

मला अदालतीत उभे केले. डॉक्टरांनी जीभ पाहिली, डोळ्यांत पाहिले, आज वार कोणता विचारले, रुपयाचे आणे किती विचारले. माझ्या बावन्न वर्षांत कोणी मला एवढे प्रश्न विचारले नव्हते. मग मुन्सफ साहेबांनी उर्दूत विचारले, पेशकाराने मराठीत सांगितले. "तुम्ही एकट्या हसता?"

"हसते."

"कशाला?"

मी सांगितले, "साहेब, माहेरची शीव आली की लेक गाडीत उभी राहते. टपाला डोकं लागतं तरी उभी राहते. काही दिसत नसतं, तरी बोट दाखवते. परत येताना मला ते आठवून हसू येतं. दुसऱ्या दिवशी बी येतं."

"आणि पैसा नको?"

"हवा की. कडब्याला लागतो. पण ज्या कामात हे हसू न्हाय ते काम मला दुप्पट पैशाला बी परवडत न्हाय."

साहेब हसले नाहीत. त्यांनी लिहून घेतले. नाक्यावरचे जुने मुन्शी रामकिसन यांनी आपणहून साक्ष दिली की पंधरा वर्षांत या बाईच्या गाडीचा पडदा उचलण्याची आम्हांला गरज पडली नाही. अर्ज खारीज झाला.

पण मी तिथे उभी राहिले ते राहिलेच. ते पुसले जात नाही. मला विचारायचे होते, आणि कोणी विचारू दिले नाही, म्हणून इथे लिहिते. माझे सासरे पैशापायी एका मरणाऱ्या बाईच्या लेकीला बारा दिवस अंगणात पाणी भरायला लावत होते, त्यांची जीभ कोणी पाहिली नाही. वीरप्पा उपाशी गावातून जोंधळे बाहेर काढायला निघाला, त्याला कोणी वार विचारला नाही. आडतीतले किती पुरुष मी पाहिले, जेवताना भाव बोलतात, झोपेत भाव बोलतात, लेकरू मांडीवर येऊन बसले तरी त्यांना कळत नाही. सुख टाकून पैसा धरला म्हणून त्यांतल्या एकालाही आजवर वेडा ठरवायला अदालतीत नेलेले नाही. मी पैसा टाकून सुख धरले तर मला नेले.

तेव्हा वीरप्पाने माझ्या समाधीला यावे, शेजारधर्म म्हणून यावे, पण माती टाकू नये आणि माझ्याबद्दल चार शब्द बोलू नयेत. इष्टलिंग माझ्याबरोबर जाईल. खांदा बंडप्पा सुताराने द्यावा, आणि उरलेले तीन कोण ते धुरपदाबाईने ठरवावे. ती ज्यांना सांगेल ते नाही म्हणणार नाहीत.

कलम सहावे. शांताक्का.

वीरप्पाची बायको शांताक्का, माझी जाऊ, हिने अदालतीत जबाब दिला की, "व्हय, अक्का बैलांसंगं बोलतात. येकट्या हसतात." ती खोटे बोलली नाही. पण कशासाठी वदवून घेत आहेत हे तिला कळत होते. ती खाली पाहून बोलली. मला तिचा राग आहे आणि तो मी मरेपर्यंत सोडणार नाही.

तिचे माहेर ईटचे. अकरा वर्षे ती तिकडे गेलेली नाही. वीरप्पाला नेऊन सोडायला सवड नाही आणि माझ्या गाडीत तो बसू देत नाही. तिची आई अजून आहे. म्हणून असे लिहून ठेवते की शांताक्का ज्या दिवशी येऊन सांगेल त्या दिवशी, दुसरी कोणी ठरलेली असली तरी तिला थांबवून, दमणी आधी ईटला जाईल. तिच्याकडून काही घेऊ नये. रागावलेल्या माणसाने जागा अडवायची नसते, असे मी माझ्या गाडीपुरते ठरवले आहे.

कलम सातवे. गाड्या, बैल व इतर.

दोन दमण्या. जुनी प्रेमाबाईची, बंडप्पाने मागाहून बांधलेली नवी धुरपदाबाईची. प्रेमाबाई सात वर्षांपासून हाकते आणि माझ्यापेक्षा चांगली हाकते, हे मी तिला तोंडावर कधी सांगितले नाही. बैल चार. बसवा आणि तांब्या जुनीला, उरलेली जोडी नवीला. तांब्या डाव्या अंगाला ओढतो, त्याला मारून उपयोग नाही, नाव घेऊन बोलावे लागते. म्हातारे झाल्यावर चौघांनाही गोठ्यात खाऊ घालावे, बाजार दाखवू नये. जू, कासरे, वंगणाचा नळा, दोन कंदील, घोंगड्या गाड्यांबरोबर जातील.

दमणीत माल भरू नये. धान्य, कापूस, डाळ, मीठ, काही नाही. बाई माहेरहून जे गाठोडे आणील तो माल नव्हे. कोणी मोठा भाव देऊ केला तर आधी घरी येऊन एक रात्र झोपावे आणि सकाळी नाही म्हणावे. सडकेवर मोटारी वाढत आहेत, उद्या माहेरगाडीची गरज उरणार नाही असेही होईल. तसे झाले तर बंडप्पाने दमण्या मोडून लाकूड वापरावे आणि या दोघींनी आपल्याला आवडेल ते दुसरे काही करावे. माझे नाव चालवायला म्हणून रिकाम्या गाड्या हाकू नयेत.

भांडी, चूल, जाते, अंथरूण ज्यांना हवे त्यांनी न्यावे. त्यावरून भांडल्यास सगळे हौदात टाकावे.

वरील मजकूर माझ्या हाताने लिहून संपवला आणि साक्षीदारांना बोलावले, तोच शांताक्का आली. मी तिला बोलावले नव्हते. काय लिहिणे चालले आहे ते पाहून ये, म्हणून वीरप्पाने तिला पाठवले होते. तिने ते आल्याआल्या सांगून टाकले. तिला वाचता येत नाही. ती उंबऱ्याशी बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "माझं नाव हाय का त्यात?"

मी तिला सहावे कलम वाचून दाखवले. रागाचे वाक्यही वाचले, गाळले नाही. मग रामकिसनना म्हणाली, "आंगठा कुठं लावायचा आसतो?"

रामकिसन म्हणाले की ज्याला पत्रातून काही मिळते त्याने साक्ष घालू नये. मी म्हणाले, तिला काही मिळत नाही. गाडीत जागा मिळते, ती सगळ्या बायांना आहे.

मी विचारले, "घरी जाऊन काय सांगशील?"

ती म्हणाली, "घरी उद्या सांगंन. न्हायतर ईटहून आल्यावर सांगंन."

मुक्काम तामलवाडी, तारीख ११ माहे फरवर्दी, सन १३५६ फसली, शके १८६८ माघ.

सही, शिवगंगाबाई भ्र. मल्लिकार्जुन शेटगार, धंदा गाडी हाकणे.

साक्ष:

१. रामकिसन, नाक्याचे माजी मुन्शी. बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर असून रागावलेल्या आहेत.

२. बंडप्पा सुतार, राहणार तामलवाडी.

३. शांताक्का भ्र. वीरप्पा शेटगार, राहणार तामलवाडी, माहेर ईट. डाव्या हाताचा अंगठा. 'माहेर ईट' हे शब्द तिच्या सांगण्यावरून घातले आहेत.